युद्धाचा हिशोब आणि लोकशाहीचे उत्तरदायित्व : ‘द थ्री ट्रिलियन डॉलर वॉर’ या ग्रंथाची चिकित्सा

प्रस्तावना

युद्धाचा इतिहास लिहिताना सेनापतींचे डावपेच, लढायांच्या तारखा आणि तहांची कलमे यांना जे स्थान मिळते ते खजिन्याच्या वह्यांना सहसा मिळत नाही. वास्तविक एखाद्या लोकशाही राष्ट्राने युद्ध कसे चालविले आणि त्याचा भार कोणाच्या खांद्यावर टाकला हे त्या वह्यांतच अधिक स्पष्टपणे वाचता येते. मार्च २००३ मध्ये अमेरिकेने इराकवर आक्रमण केले. त्यानंतर पाच वर्षांनी, २००८ मध्ये, जोसेफ स्टिग्लिट्झ आणि लिंडा बिल्म्स यांचा ‘द थ्री ट्रिलियन डॉलर वॉर’ हा ग्रंथ नॉर्टन या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केला. इराक युद्धाचा खरा खर्च ३ ट्रिलियन, म्हणजे ३ लाख कोटी डॉलरच्या घरात जाईल, हे त्याचे मध्यवर्ती प्रतिपादन होय. शीर्षकातील या आकड्यामुळे ग्रंथ गाजला. परंतु त्याच आकड्यामुळे त्यातील अधिक महत्त्वाचा विचार मागे पडला, कारण बरीचशी चर्चा आकडा खरा की फुगविलेला यापुरतीच घुटमळत राहिली.

प्रस्तुत लेखात या ग्रंथाची चिकित्सा दोन प्रश्नांच्या अनुषंगाने करण्याचा प्रयत्न केला आहे. युद्धखर्च जनतेपासून व लोकप्रतिनिधींपासून दूर ठेवण्याची यंत्रणा लेखकद्वयाने कितपत उलगडून दाखविली, हा पहिला प्रश्न. खर्च दडविला गेला असेल, पैसा वाया गेला असेल, तर त्याची जबाबदारी कोणावर, याचे उत्तर ग्रंथ देतो काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाबाबत ग्रंथाची कामगिरी उत्तम आहे. दुसऱ्या प्रश्नापाशी मात्र तो थबकतो, असे आमचे मत आहे. आता या घटनांना पुरेसा काळ लोटला असल्याने ग्रंथातील भाकितांची पारख करणेही शक्य झाले आहे.

ग्रंथाचे स्वरूप

स्टिग्लिट्झ हे २००१ सालच्या अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आर्थिक सल्लागार मंडळाचे अध्यक्षपद आणि त्यानंतर जागतिक बँकेच्या मुख्य अर्थशास्त्रज्ञाचे पद त्यांनी भूषविले. बिल्म्स या हार्वर्ड विद्यापीठात सार्वजनिक वित्त शिकवितात आणि त्यांनी अमेरिकेच्या वाणिज्य खात्यात वरिष्ठ पदावर काम केले आहे. एकाकडे सिद्धान्त आणि दुसरीकडे सरकारी अर्थसंकल्पाच्या आतल्या खाचाखोचांची माहिती, असा हा संयोग आहे. जानेवारी २००६ मध्ये या दोघांनी सादर केलेल्या निबंधात युद्धाचा खर्च १ ते २ ट्रिलियन डॉलर होईल असा अंदाज होता. ग्रंथ हा त्या निबंधाचाच विस्तार होय.

या अंदाजाचे महत्त्व कळण्यासाठी युद्धापूर्वीचे सरकारी अंदाज आठवावे लागतात. सप्टेंबर २००२ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांचे आर्थिक सल्लागार लॉरेन्स लिंडसे यांनी युद्धाला १०० ते २०० अब्ज डॉलर लागू शकतील असे म्हटले. अर्थसंकल्प कार्यालयाचे प्रमुख मिच डॅनियल्स यांनी हा आकडा फार मोठा असल्याचे सांगून तो झटकून टाकला. सरकारी गोटातून ५० ते ६० अब्ज हा आकडा पुढे केला गेला. डिसेंबरमध्ये लिंडसे यांना पद सोडावे लागले. मार्च २००३ मध्ये संरक्षण खात्याचे उपमंत्री पॉल वुल्फोवित्झ यांनी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे, इराक आपल्या पुनर्बांधणीचा खर्च स्वतःच आणि तोही लवकरच उचलू शकेल, अशी ग्वाही दिली. एप्रिलमध्ये परराष्ट्र साहाय्य संस्थेचे प्रमुख अँड्र्यू नॅट्सिओस यांनी पुनर्बांधणीतील अमेरिकेचा वाटा १.७ अब्ज डॉलर असेल असे दूरचित्रवाणीवर सांगितले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये काँग्रेसने पुनर्बांधणीसाठी १८ अब्जांहून अधिक रक्कम मंजूर केली.

अंदाज चुकणे हा गुन्हा नव्हे. युद्धाच्या बाबतीत तर तो चुकणारच. येल विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांनी डिसेंबर २००२ मध्येच दशकभराच्या खर्चाची शक्यता सुमारे ९९ अब्जांपासून १.९ ट्रिलियन डॉलरपर्यंत विस्तृत असल्याचे मांडले होते. म्हणजे अनिश्चितता ज्ञात होती. सरकारने त्या अनिश्चिततेचे सर्वांत सोयीचे टोक उचलले आणि दुसऱ्या टोकाकडे बोट दाखविणाऱ्यास घरी पाठविले. ग्रंथकर्त्यांनी हा घटनाक्रम संयमाने मांडला आहे व त्यातच त्याची धार आहे.

पुरवणी मागण्यांचे राजकारण

ग्रंथातील सर्वांत मोलाचा भाग अर्थसंकल्पीय कार्यपद्धतीविषयीचा आहे. अनपेक्षित संकटासाठी सरकारने काँग्रेसकडे तातडीची पुरवणी मागणी करावी, हा संकेत जुना आहे. भूकंप, महापूर किंवा युद्धाचा पहिला तडाखा यांसाठी तो योग्यही आहे. कोरिया व व्हिएतनाम या युद्धांत आरंभीचा खर्च पुरवणी मागण्यांतून भागविला गेला आणि नंतर तो नियमित अर्थसंकल्पात आणला गेला. इराकच्या बाबतीत मात्र युद्ध वर्षानुवर्षे चालू असताना, पुढील वर्षी लाखाहून अधिक सैनिक तेथे असणार हे शाळकरी मुलालाही दिसत असताना, खर्च ‘तातडीचा’ म्हणूनच मागितला जात राहिला. तातडीच्या मागणीला नियमित अर्थसंकल्पाची कमाल मर्यादा लागू होत नाही, तिचे समर्थन तपशीलवार द्यावे लागत नाही आणि समित्यांची छाननीही उथळ होते. शिवाय सैनिक रणांगणावर असताना मागणीला विरोध करणारा सदस्य सैनिकांचा घास काढून घेणारा ठरतो. अशा रीतीने लोकप्रतिनिधींच्या हातातील सर्वांत जुने शस्त्र, म्हणजे खजिन्याची किल्ली, नावापुरतेच उरले.

याला जोड मिळाली ती करकपातीची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने प्राप्तिकराचे जाळे सामान्य कामगारापर्यंत विस्तारले. कोरियन युद्धात ट्रुमन यांनी कर वाढविले व अतिरिक्त नफ्यावर कर बसविला. व्हिएतनाम युद्धात उशिरा का होईना, १९६८ मध्ये दहा टक्के अधिभार आला. इराक युद्ध सुरू झाल्यानंतर दोनच महिन्यांनी, मे २००३ मध्ये, करकपातीचा नवा कायदा संमत झाला. युद्धाचा पैसा कर्जातून उभा राहिला. नागरिकाला युद्धाची किंमत ना वेतनपत्रकात दिसली, ना बाजारहाटात. सक्तीची सैन्यभरती १९७३ मध्येच बंद झालेली असल्याने बहुसंख्य कुटुंबांना ती उंबरठ्याच्या आतही जाणवली नाही. जे युद्ध कोणालाच महाग वाटत नाही ते थांबविण्याची निकडही कोणाला भासत नाही, हा येथील गर्भितार्थ आहे. लेखकद्वयाने त्याचा उच्चार केला आहे. परंतु त्याचा राजकीय अर्थ पूर्णपणे उलगडलेला नाही. त्याकडे आपण पुढे वळू.

खर्चाच्या अग्रक्रमाचा प्रश्न येथेच उपस्थित होतो. ऑक्टोबर २००७ मधील दोन घटना शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. त्या महिन्याच्या आरंभी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी अल्प उत्पन्न गटातील बालकांच्या आरोग्यविम्याची योजना पाच वर्षांत ३५ अब्ज डॉलरनी वाढविणारे विधेयक नकाराधिकार वापरून परत पाठविले. त्याच महिन्याच्या उत्तरार्धात इराक व अफगाणिस्तान येथील युद्धांसाठी त्या एका आर्थिक वर्षाची मागणी १९६ अब्जांवर नेण्यात आली. बालकांच्या योजनेसाठी तंबाखूवरील वाढीव कराची तरतूद विधेयकातच होती. युद्धाच्या मागणीसोबत कोणत्याही कराची तरतूद नव्हती. ‘पैसा नाही’ हे कारण राजकारणात किती निवडकपणे वापरले जाते याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. स्वतः सेनापती असलेले राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी एप्रिल १९५३ मधील भाषणात एका बॉम्बफेकी विमानाची किंमत तीसहून अधिक शहरांतील शाळांच्या इमारतींच्या मापाने सांगितली होती. ग्रंथकर्त्यांची पद्धत त्याच परंपरेतील आहे.

माजी सैनिक : न मांडलेले देणे

अमेरिकन सरकारचे युद्धखर्चाचे आकडे रोख पद्धतीने मांडलेले असतात. म्हणजे ज्या वर्षी पैसा दिला त्या वर्षी तो खर्च धरला जातो. खासगी कंपनीला असे करता येत नाही. कर्मचाऱ्याला उद्या द्यावयाचे निवृत्तिवेतन हे तिला आजचेच देणे म्हणून दाखवावे लागते. लेखकद्वयाने हीच उपार्जित पद्धत युद्धाला लावली आणि चित्र पालटले. आज जखमी झालेला पंचवीस वर्षांचा सैनिक पुढील पन्नास वर्षे अपंगत्व भत्ता घेणार, त्याचे औषधपाणी सरकारला करावे लागणार. पहिल्या महायुद्धातील सैनिकांना द्यावयाच्या अशा भरपाईचा उच्चांक १९६९ मध्ये, म्हणजे युद्धसमाप्तीनंतर अर्धशतकाने आला, ही एकच गोष्ट युद्धखर्चाचे खरे आयुष्य किती असते हे सांगण्यास पुरेशी आहे.

या देण्याकडे केलेल्या दुर्लक्षाची फळे ग्रंथ लिहिला जात असतानाच दिसू लागली होती. जून २००५ मध्ये माजी सैनिक विभागाला आपल्या वैद्यकीय तरतुदीत १ अब्जाहून अधिक तूट असल्याचे कबूल करावे लागले. मागणीचे अंदाज युद्धापूर्वीच्या माहितीवर बेतलेले होते. फेब्रुवारी २००७ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने राजधानीतील वॉल्टर रीड या लष्करी रुग्णालयाच्या एका इमारतीत जखमी सैनिकांना बुरशी धरलेल्या भिंतींच्या खोल्यांत राहावे लागत असल्याचे उघडकीस आणले. लष्करसचिवांना राजीनामा द्यावा लागला. सैनिकांच्या नावाने पुरवणी मागण्या बिनबोभाट संमत करणारे शासन त्याच सैनिकांच्या शुश्रूषेत कमी पडले, ही विसंगती ग्रंथात ठळकपणे येते.

येथे आणखी एक बोचरा तपशील नोंदवावा लागेल. एखाद्या सुरक्षा नियमाने वाचणाऱ्या जिवाचे मूल्य ठरविताना अमेरिकन सरकारी खाती ज्या पद्धतीचा अवलंब करतात त्या आधारे लेखकांनी एका जिवाचे सांख्यिकीय मूल्य ७२ लाख डॉलर धरले आहे. युद्धात मृत्यू पावलेल्या सैनिकासाठी अर्थसंकल्पात दिसणारी रक्कम मात्र अनुदान व विमा मिळून ५ लाख डॉलर. उरलेले नुकसान त्याच्या कुटुंबाने सोसावयाचे आणि ते कोणत्याही शासकीय वहीत लिहावयाचे नाही.

कंत्राटे व भ्रष्टाचार : ग्रंथाची मर्यादा

इराक युद्धात कंत्राटदारांचे प्रमाण अभूतपूर्व होते. काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने ऑगस्ट २००८ मध्ये इराक व लगतच्या प्रदेशात अमेरिकेच्या पैशावर काम करणाऱ्या कंत्राटी मनुष्यबळाची संख्या किमान १ लाख ९० हजार, म्हणजे जवळजवळ सैनिकांइतकीच सांगितली. खासगी कंपनीच्या एका सुरक्षारक्षकामागे सरकारला दिवसाला १,२२२ डॉलर मोजावे लागत. लष्करातील सार्जंटचा खर्च त्याच्या एक-षष्ठांशाच्या आसपास होता. ग्रंथात ही तुलना आहे. भ्रष्टाचाराचे विवेचन मात्र त्यात आनुषंगिक राहिले आहे. ते खर्चाच्या एका उपकलमासारखे येते, उत्तरदायित्वाचा स्वतंत्र प्रश्न म्हणून येत नाही. ही उणीव का खटकते हे काही उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

मार्च २००३ मध्ये इराकी तेलक्षेत्रांच्या दुरुस्तीचे काम निविदा न मागविता हॅलिबर्टन कंपनीच्या केबीआर या उपकंपनीस दिले गेले. उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी हे २००० पर्यंत हॅलिबर्टनचे प्रमुख होते. लष्कराच्या अभियांत्रिकी विभागातील सर्वोच्च कंत्राट-अधिकारी बनाटीन ग्रीनहाउस यांनी कंत्राटाच्या पाच वर्षांच्या मुदतीस कागदोपत्री आक्षेप घेतला. जून २००५ मध्ये त्यांनी सिनेट सदस्यांपुढे साक्ष दिली आणि ऑगस्टमध्ये त्यांची पदावनती झाली. २०११ मध्ये सरकारने ९ लाख ७० हजार डॉलर देऊन त्यांच्याशी तडजोड केली. ती रक्कमही करदात्याचीच. आक्षेप डावलणाऱ्यांना वैयक्तिकरीत्या काहीही मोजावे लागले नाही.

दुसरे उदाहरण रोख रकमेचे. मे २००३ ते जून २००४ या काळात न्यूयॉर्कहून सुमारे १२ अब्ज डॉलर रोख स्वरूपात विमानांनी बगदादला पाठविण्यात आले. नोटांचे वजन ३६३ टन भरले, असे फेब्रुवारी २००७ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढील सुनावणीत सांगण्यात आले. इराक पुनर्बांधणीचे विशेष महानिरीक्षक स्टुअर्ट बोवेन यांनी जानेवारी २००५ च्या अहवालात, हंगामी प्रशासनाने इराकी मंत्रालयांकडे सोपविलेल्या ८.८ अब्ज डॉलरवर पुरेसे नियंत्रण नव्हते, असा निष्कर्ष काढला होता. हा पैसा तेलविक्रीतून व गोठविलेल्या खात्यांतून आलेला, म्हणजे इराकी जनतेचाच होता. तो अमेरिकन करदात्याचा नव्हता म्हणून वॉशिंग्टनमध्ये त्याची चाड कमी, आणि इराकमध्ये तेव्हा निवडून आलेले सरकारच नव्हते म्हणून तेथे जाब विचारणारा कोणी नाही. ज्या पैशाचा मालक सभागृहात बसलेला नसतो त्या पैशाचा हिशोब कसा ठेवला जातो, हे यातून दिसते.

या पोकळीला न्यायालयीन रूपही मिळाले. ‘कस्टर बॅटल्स’ या सुरक्षा कंपनीविरुद्ध दोन जागल्यांनी १८६३ च्या खोट्या दाव्यांविषयीच्या कायद्याखाली खटला भरला. यादवी युद्धात लष्कराला निकृष्ट माल पुरविणाऱ्यांना वेसण घालण्यासाठी लिंकन यांच्या काळात झालेला हा कायदा आहे. मार्च २००६ मध्ये ज्यूरीने कंपनीस दोषी ठरविले. पाच महिन्यांनी न्यायाधीशांनी तो कौल बाजूला सारला. हंगामी प्रशासनाकडे केलेला दावा हा अमेरिकन सरकारकडे केलेला दावा असल्याचे सिद्ध झालेले नाही, असा त्यामागील आशय होता. २००९ मध्ये वरच्या न्यायालयाने हा निर्णय फिरविला. तथापि मधल्या तीन वर्षांत, अमेरिकेने नेमलेल्या, अमेरिकन अधिकाऱ्यांनी चालविलेल्या प्रशासनाची फसवणूक ही नेमकी कोणाची फसवणूक, हा प्रश्न अधांतरी राहिला.

शिक्षा झाल्याच नाहीत असे नव्हे. कंत्राटे देण्यासाठी लाच घेणारे काही लष्करी व मुलकी अधिकारी तुरुंगात गेले. परंतु ही शिक्षा उतरंडीच्या खालच्या मडक्यांपर्यंतच पोहोचली. युद्धकालीन कंत्राटांच्या चौकशीसाठी काँग्रेसने २००८ मध्ये नेमलेल्या आयोगाने ऑगस्ट २०११ च्या अंतिम अहवालात इराक व अफगाणिस्तानात मिळून ३१ ते ६० अब्ज डॉलर उधळपट्टी व लबाडीत गेल्याचा अंदाज दिला. आकडा प्रचंड आहे. तरीही ३ ट्रिलियनशी तुलना केल्यास तो एक ते दोन टक्केच भरतो. याचा अर्थ असा की, जो खर्च बेकायदेशीर होता त्यापेक्षा जो संपूर्णपणे कायदेशीर होता तोच कितीतरी अधिक गंभीर आहे. ‘खर्च अधिक शुल्क’ या धर्तीचे कंत्राट कायदेशीर होते, निविदेविना काम देण्याची सवलत कायदेशीर होती आणि पुरवणी मागणीही कायदेशीर होती. ग्रंथातील सामग्रीतूनच हा निष्कर्ष निघतो. पण कायद्याच्या चौकटीत राहून घडलेल्या बेजबाबदारपणास कोणत्या निकषावर जबाबदार धरावे याची चर्चा लेखकद्वय करीत नाही.

ट्रुमन समितीचा धडा

ही चर्चा ऐतिहासिक तुलनेतून सहज करता आली असती. मार्च १९४१ मध्ये, अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरण्यापूर्वीच, मिसुरीचे सिनेट सदस्य हॅरी ट्रुमन यांच्या अध्यक्षतेखाली संरक्षण कार्यक्रमाच्या चौकशीसाठी विशेष समिती स्थापन झाली. आरंभी तिला अवघे १५,००० डॉलर मिळाले होते. लष्करी छावण्यांच्या बांधकामातील उधळपट्टीपासून तिने सुरुवात केली. १९४३ मध्ये ओहायोतील कर्टिस-राइट कंपनीच्या कारखान्यात सदोष विमान-इंजिने तपासणीतून पार केली जात असल्याचे तिने उघडकीस आणले. आर्थर मिलर यांच्या ‘ऑल माय सन्स’ या १९४७ मधील नाटकाच्या मुळाशी युद्धकाळातील सदोष यंत्रभागांचा हाच विषय आहे. समितीने वाचविलेल्या रकमेचे अंदाज १० ते १५ अब्ज डॉलरपर्यंत जातात; तिचा स्वतःचा खर्च १० लाखांच्या आत राहिला.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, ट्रुमन हे सत्तारूढ पक्षाचे होते आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट त्यांच्याच पक्षाचे होते. युद्धाच्या डावपेचांत समितीने हस्तक्षेप करावयाचा नाही, परंतु पैशाचा जाब कोणाचीही भीड न बाळगता विचारावयाचा, हे पथ्य त्यांनी पाळले. चौकशीमुळे युद्धप्रयत्न दुबळे झाले नाहीत. उलट लोकांचा विश्वास वाढला. इराक युद्धाच्या पहिल्या चार वर्षांत सत्तारूढ पक्षाकडे सिनेट व प्रतिनिधिगृह दोन्ही होती आणि अशी एकही समिती स्थापन झाली नाही. इतकेच नव्हे, तर २००६ च्या शरद ऋतूत संमत झालेल्या संरक्षण विधेयकात बोवेन यांचे कार्यालय पुढील वर्षी बंद करण्याचे कलम गुपचूप घालण्यात आले. बोभाटा झाल्यानंतर डिसेंबरमध्ये ते फिरविले गेले.

तथापि दोष एकाच पक्षाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. नोव्हेंबर २००६ च्या निवडणुकीत काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेली. ऑक्टोबर २००७ मध्ये डेव्हिड ओबी यांच्यासह तीन सदस्यांनी युद्धखर्चासाठी प्राप्तिकरावर अधिभार बसवावा असा प्रस्ताव मांडला. त्यांच्याच पक्षाच्या सभापती नॅन्सी पलोसी यांनी त्याच दिवशी त्यास विरोध दर्शविला. युद्धाला विरोध करणे राजकीयदृष्ट्या सोयीचे झाले होते. त्याचे बिल मतदाराच्या हाती देणे मात्र कोणासच सोयीचे नव्हते. स्टिग्लिट्झ व बिल्म्स ग्रंथाच्या अखेरीस ज्या सुधारणा सुचवितात त्यांत चालू पिढीवर युद्धकर, पुरवणी मागण्यांवर निर्बंध आणि माजी सैनिकांसाठी स्वतंत्र निधी यांचा समावेश आहे. या शिफारशी योग्यच आहेत. परंतु ज्या लोकप्रतिनिधींना हिशोब दडविण्यात लाभ आहे ते हिशोब उघडा करणारा कायदा का करतील, हा प्रश्न लेखकांनी स्वतःस विचारलेला दिसत नाही. माहिती मिळाली की जबाबदारी आपोआप येते, असा अर्थशास्त्रज्ञाचा भाबडा विश्वास येथे डोकावतो.

आकड्यांच्या मर्यादा

ग्रंथाच्या गणितावर घेतलेल्या आक्षेपांपैकी काही सबळ आहेत. युद्धामुळे तेलाचे भाव पिंपामागे ५ ते १० डॉलरनी वाढले असे गृहीत धरून समष्टी अर्थव्यवस्थेवरील परिणाम काढले आहेत. त्या काळात चीन व भारत यांची मागणी झपाट्याने वाढत होती. भाववाढीतील युद्धाचा वाटा वेगळा काढणे जवळजवळ अशक्य आहे आणि ग्रंथाचा हा भाग सर्वांत कच्चा आहे. शिकागो विद्यापीठातील डेव्हिस, मर्फी व टोपेल या अर्थशास्त्रज्ञांनी असा मुद्दा मांडला होता की, युद्ध न करता सद्दाम हुसेन यांना वेढ्यात ठेवण्याच्या धोरणालाही मोठा खर्च आला असता. तो वजा केल्याविना युद्धाचा निव्वळ खर्च कळत नाही. तर्कदृष्ट्या हा आक्षेप बरोबर आहे. मात्र वेढ्याचे धोरण अनिश्चित काळ चालले असते हे गृहीतकही तितकेच अनुमानात्मक आहे.

आमच्या मते अधिक मूलभूत आक्षेप वेगळा आहे. शीर्षकातील आकड्यात अमेरिकेचाच खर्च मोजला आहे. इराकी मृतांची, विस्थापितांची व उद्ध्वस्त शहरांची दखल एका प्रकरणात सहृदयतेने घेतली असली तरी ती मुख्य बेरजेत नाही. अमेरिकन सैनिकाच्या जिवाचे मूल्य अर्थसंकल्पात कमी धरले जाते म्हणून खेद करणारा ग्रंथ लाखाहून अधिक इराकी जीव बेरजेच्या बाहेर ठेवतो, ही त्याची नैतिक मर्यादा होय. लेखकांचा उद्देश अमेरिकन मतदाराशी बोलण्याचा होता हे मान्य केले, तरी उत्तरदायित्व ही कल्पना केवळ स्वतःच्या करदात्यापुरती संकोचून चालत नाही.

ग्रंथानंतरची वर्षे

कालांतराने ग्रंथातील मुख्य भाकीत खरे ठरले, किंबहुना कमीच पडले. सप्टेंबर २०१० मध्ये लेखकद्वयाने आपला अंदाज अपुरा असल्याचे लिहिले. ब्राउन विद्यापीठाच्या युद्धखर्चविषयक प्रकल्पाने २०२१ मध्ये, ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या सर्व युद्धांचा खर्च ८ ट्रिलियन डॉलर सांगितला. त्यांपैकी सुमारे २.२ ट्रिलियन माजी सैनिकांच्या पुढील देखभालीचे आहेत. म्हणजे बिल्म्स यांनी ज्या देण्याकडे बोट दाखविले होते तेच सर्वांत मोठ्या कलमांपैकी एक ठरले. युद्धभूमीवरील उघड्या कचरा-भट्ट्यांच्या धुराने आजारी पडलेल्या सैनिकांना भरपाईचा व्यापक हक्क देणारा कायदा ऑगस्ट २०२२ मध्ये झाला. इराकवरील आक्रमणास तोवर एकोणीस वर्षे उलटली होती.

संस्थात्मक आघाडीवर मात्र चित्र फारसे सुधारले नाही. पुरवणी मागण्यांची जागा ‘परदेशस्थ आकस्मिक मोहिमा’ या वेगळ्या खात्याने घेतली. हे खाते २०२१ च्या आर्थिक वर्षापर्यंत चालले आणि नेहमीचा संरक्षण खर्चही त्यात सरकविला जात असल्याची टीका वारंवार झाली. बोवेन यांच्या कार्यालयाने मार्च २०१३ च्या अंतिम अहवालात सुमारे ६० अब्ज डॉलरच्या पुनर्बांधणीपैकी किमान ८ अब्ज वाया गेल्याचे नमूद केले आणि त्याच वर्षी ते बंद झाले. संरक्षण खात्याचे पहिले सर्वंकष लेखापरीक्षण २०१८ मध्ये झाले. त्या वर्षापासून २०२४ पर्यंत सलग सात वेळा खात्यास निर्दोष शेरा मिळू शकला नाही. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी डझनाहून अधिक खात्यांच्या महानिरीक्षकांना एकाच रात्री पदमुक्त केले. ज्या पदांच्या अहवालांवर इराक युद्धाविषयीचे आपले बहुतेक ज्ञान आधारलेले आहे ती पदे किती पातळ पायावर उभी आहेत, हे यातून कळून येते.

समारोप

‘द थ्री ट्रिलियन डॉलर वॉर’ या ग्रंथाचे स्थायी मूल्य त्याच्या शीर्षकातील आकड्यात शोधू नये. हिशोबाची पद्धत हीच सत्तेचे साधन असते, हे त्याने सामान्य वाचकाला समजेल अशा भाषेत दाखवून दिले, यात त्याचे मोल आहे. कोणता खर्च ‘तातडीचा’ म्हणावयाचा, कोणते देणे आज लिहावयाचे आणि कोणते नातवंडांवर सोडावयाचे, हे निर्णय तांत्रिक भासतात. प्रत्यक्षात युद्ध किती काळ चालणार हे त्यांवर ठरते. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र व इतिहास या तिन्ही विषयांच्या अध्यापकांनी म्हणूनच हा ग्रंथ एकत्र वाचावा असा आहे.

त्याची अपूर्णता तितकीच बोधप्रद आहे. त्याने हिशोब मांडला, पण तो मागणारी इच्छाशक्ती कोठून येते हे सांगितले नाही. ट्रुमन समितीजवळ अद्ययावत लेखापद्धती नव्हती, संगणक नव्हते आणि पैसाही नव्हता. स्वपक्षाच्या सरकारला जाब विचारण्याची तयारी होती. इराकच्या बाबतीत अहवालांचे ढीग होते, महानिरीक्षक होते, नोबेलविजेत्याचा ग्रंथही होता. उणीव होती ती अहवाल वाचून कोणाला तरी घरी पाठविणाऱ्या सभागृहाची. ज्या एका सल्लागाराला घरी जावे लागले त्याने सांगितलेला आकडा सरकारी आकड्यापेक्षा सत्याच्या अधिक जवळ होता.